सर्व्हर कोणाच्या हातात?

2020 साली, ऑगस्ट संपताना आणि सप्टेंबर सुरू होताना, अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने दोन ऑनलाइन खेळ भारतात बातमीचा विषय झाले.

30 ऑगस्टला बुद्धिबळाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात चालू होता. करोनामुळे खेळाडू एकत्र जमू शकत नव्हते, म्हणून डाव संगणकाच्या पडद्यावर मांडले होते. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार होता. संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख होती. पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत दिव्या आणि निहाल सरीन यांचा इंटरनेट संपर्क मध्येच तुटला. घड्याळ मात्र चालत राहिलं आणि वेळ संपल्यामुळे दोघांच्या नावावर हार लागली. त्या दिवशी सेंच्युरीलिंक या अमेरिकी कंपनीच्या जाळ्यात मोठा बिघाड झाला होता आणि त्याचे हिसके जगभर बसत होते. भारताने दाद मागितली. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक जाहीर केलं.

2 सप्टेंबरला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ खाली 118 ॲपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता, त्यांचा खेळ आणखी काही आठवडे चालला. 30 ऑक्टोबरला भारतीय खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले आणि तेही संपलं.

दिव्याची जोडणी तुटली तेव्हा बुद्धिबळाला काही झालं नाही. त्याच संध्याकाळी कोणीही लाकडी पट मांडून बसू शकत होतं. पबजीच्या बाबतीत उलट घडलं. गेम फोनमध्ये जसाच्या तसा होता. नकाशे, बंदुका, गाड्या, आवाज, वर्षभर पैसे साठवून घेतलेले पोशाख, सगळं जागच्या जागी होतं. तरीही खेळ नव्हता. ऑनलाइन खेळ म्हातारे होतात तेव्हा त्यांचं पुढे काय होतं, हा या प्रकरणाचा विषय आहे, आणि त्याचं उत्तर या दोन घटनांमधल्या फरकात दडलेलं आहे.

पबजीसारखा गेम आपण फोनमध्ये उतरवून घेतो तेव्हा प्रत्यक्षात त्याचा एक तुकडाच आपल्या हाती येतो. तो चित्र काढतो, आवाज वाजवतो आणि आपलं बोट कुठे लागलं ते पुढे कळवतो. गोळी लागली की नाही, कोण मेलं, पेटीत काय सापडलं, याचा निवाडा दूरच्या सर्व्हरवर होतो. सर्व्हर सेकंदाला अनेकदा सगळ्या खेळाडूंची स्थिती तपासतो, नवी स्थिती ठरवतो आणि ती सर्वांना कळवतो. तिसरा तुकडा म्हणजे खात्याची नोंद: तुमची रँक, तुमचे मित्र, तुम्ही पैसे देऊन घेतलेली यूसी, म्हणजे गेममधलं चलन, आणि त्यातून मिळवलेल्या पोशाखांसारख्या स्किन. ती नोंदही कंपनीकडेच असते.

अशी रचना करण्यामागे चांगली कारणं आहेत. निवाडा खेळाडूच्या फोनवर सोपवला तर फोनमध्ये फेरफार करून कोणीही अमर होईल. सर्व्हर कंपनीच्या ताब्यात असला की हॅकर पकडता येतो, नवा नकाशा एका रात्रीत सगळ्यांना देता येतो आणि गेम फुकट देऊन स्किनवर पैसे कमावता येतात. या व्यवस्थेमुळेच ज्यांच्या घरी कधी संगणक आला नाही अशा लाखो मुलांना जागतिक दर्जाचा खेळ स्वस्त फोनवर मिळाला. नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानातून घेतलेला साधा फोन आणि सप्टेंबर 2016 नंतर स्वस्त झालेला डेटा, एवढं पुरत होतं. याचं मोल मी कमी मानत नाही. पण त्याची किंमतही आहे आणि ती खेळाच्या शेवटी चुकती करावी लागते.

पबजीचा भारतातला पुढचा इतिहास तर खेळाडूंना तोंडपाठ असतो. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने 2 जुलै 2021 रोजी बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, अँड्रॉइडवर आणला. जुन्या खात्यातली कमाई नव्या गेममध्ये आणण्याची सोय दिली. 2022 च्या जून-जुलैत त्याची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर थेट दाखवली गेली. त्याच महिन्यात, 28 जुलैला, गुगल आणि ॲपलच्या दुकानांतून गेम गायब झाला. 2023 च्या मे महिन्यात तो तीन महिन्यांच्या देखरेखीच्या अटीवर परत आला. तीन वर्षांच्या आत एकाच खेळाचं दोनदा जाणं आणि दोनदा येणं झालं, आणि यातला एकही निर्णय खेळणाऱ्यांनी घेतलेला नव्हता. फ्री फायरच्या खेळाडूंचा अनुभव यापेक्षा कडू. तो गेम फेब्रुवारी 2022 मध्ये बंदीत गेला. भारतासाठीची वेगळी आवृत्ती सप्टेंबर 2023 मध्ये येणार म्हणून जाहीर झाली, महेंद्रसिंह धोनीचं नाव तिच्याशी जोडलं गेलं, आणि ऐन वेळी ती पुढे ढकलली गेली.

बंदी हे मरणाचं नाट्यमय रूप झालं. बहुतेक ऑनलाइन खेळ असे मरत नाहीत. ते ओसरत जातात, आणि ओसरण्याला एक गणित आहे.

पबजीच्या एका सामन्यात शंभर खेळाडू विमानातून उडी मारतात. पंगत पूर्ण बसल्याशिवाय वाढप सुरू होत नाही, तसं शंभर जण जमल्याशिवाय विमान उडत नाही. आता हिशेब करू. समजा, कोणालाही एका मिनिटापेक्षा जास्त थांबायला लागू नये असं कंपनीला वाटतं. म्हणजे दर मिनिटाला एक सामना सुरू व्हायला हवा. काही जण पहिल्याच मिनिटाला मरतात, काही शेवटपर्यंत टिकतात. सरासरी माणूस पंधरा मिनिटं सामन्यात असतो असं धरू. मग कोणत्याही क्षणी पंधराशे खेळाडू हवेत. हे झालं एका रांगेपुरतं. पण एकट्याने खेळायचं, जोडीने की चौघांच्या स्क्वॉडने, या तीन रांगा झाल्या. नकाशे चार असतील तर बारा. नवख्याला मुरलेल्यासमोर उभं करायचं नाही म्हणून रँकचे पाच थर केले तर साठ. साठ रांगांना प्रत्येकी पंधराशे म्हणजे नव्वद हजार माणसं, एकाच प्रदेशात आणि एकाच वेळी. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. पण त्यांची जात खरी आहे. एक लाख खेळाडू असलेला गेम बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून त्याच्या अर्ध्या रांगा रिकाम्या असू शकतात.

रांग लांबली की कंपनी काय करते? आधी नकाशे कमी करते. मग रँकचे थर एकत्र करते, त्यामुळे नवखा मुलगा पहिल्याच दिवशी पाच वर्षं खेळणाऱ्याच्या तावडीत सापडतो आणि परत येत नाही. मग रिकाम्या जागा बॉटने, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खेळाडूंनी, भरते. पबजी मोबाइलच्या खालच्या रँकमध्ये बॉट असतात हे खेळाडूंना चांगलं ठाऊक आहे. सहज मिळालेल्या चिकन डिनरनंतर, म्हणजे विजयानंतर, ‘लॉबीत बॉटच होते’ असं म्हणतात ते त्यामुळेच. आणि शेवटी कंपनी प्रदेश एकत्र करते.

या शेवटच्या उपायाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. नागपूरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन चौदाशे किलोमीटर, म्हणजे 7 मिलिसेकंद. सिंगापूर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर आहे. तेवढ्याच हिशेबाने 35 मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही. नागपूरची माहिती आधी मुंबईच्या किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर जाते, तिथून समुद्रात उतरते, वाटेत यंत्रांमधून थांबत थांबत जाते, त्यामुळे खरा पिंग, म्हणजे जाऊन येण्याचा वेळ, याहून बराच मोठा असतो. मुंबईचा सर्व्हर बंद करून सगळ्यांना सिंगापूरला जोडलं, तर सिंगापूरच्या मुलाला काही कळणारही नाही. नागपूरच्या मुलाला मात्र आपण भिंतीआड गेलो असं दिसत असताना गोळी लागते. त्याच्यासाठी तो गेम त्याच दिवशी म्हातारा झाला. समुद्रापासून दूर असलेल्या शहरांत ऑनलाइन खेळ लवकर वृद्ध होतात असं मला वाटतं, आणि गेमच्या भवितव्याची चर्चा करणारी महानगरांतली माणसं हे क्वचितच ध्यानात घेतात.

म्हणून एखाद्या खेळाचं आयुष्य मोजताना दोन प्रश्न आधी विचारावेत. तो कमीत कमी किती माणसांत चालतो? आणि तो चालवायला कोणाची परवानगी लागते?

या दोन्ही प्रश्नांना उत्तम उत्तर देणारा एक गेम नागपूरच्या एका अख्ख्या पिढीने खेळला आहे. त्या पिढीतले लोक त्याला नुसतं ‘काउंटर’ म्हणत किंवा ‘सीएस’. जून 1999 मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी व्हॉल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ या गेममध्ये बदल करून काउंटर-स्ट्राइक बनवला आणि फुकट वाटला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो विकत घेतला आणि दोघांना नोकरी दिली. भारतात पोचली आणि रुजली ती सप्टेंबर 2003 ची 1.6 ही आवृत्ती. तासाच्या दराने चालणारे सायबर कॅफे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची वसतिगृहं ही तिची घरं. हे इंटरनेटवर खेळणं नव्हतंच मुळी. एका खोलीतले दहा संगणक एका स्विचला जोडायचे, त्यातल्या एकावर सर्व्हर सुरू करायचा आणि डस्ट टू हा नकाशा लावायचा. दूरसंचारची लाइन तुटलेली असली तरी काही अडत नसे. अडत असे ते वीज गेल्यावर, आणि विदर्भात उन्हाळ्यात वीज जाणं ही तेव्हा नेहमीची गोष्ट होती.

1.6 अजून जिवंत आहे. आजही स्टीम या व्हॉल्व्हच्या गेमच्या दुकानावर कोणत्याही वेळी हजारो लोक तो खेळत असतात, आणि स्टीमच्या मोजणीत न येणाऱ्या खाजगी सर्व्हरवरचे वेगळे. याचं कारण चित्रांच्या सौंदर्यात शोधून सापडणार नाही. त्याचं इंजिन गेल्या शतकातलं आहे. कारण असं की व्हॉल्व्हने सर्व्हर चालवण्याचा प्रोग्रामही लोकांना देऊन टाकला. ज्याला हवा त्याने आपल्या यंत्रावर सर्व्हर उभा करावा. हा सर्व्हर स्वतःचा पत्ता एका मध्यवर्ती यादीत नोंदवतो, खेळाडू ती यादी पाहून हव्या त्या पत्त्यावर जातो. यादी बंद पडली तरी पत्ता हाताने टाइप करून जाता येतं. पुढे काही हौशी प्रोग्रामरनी तो सर्व्हर उलगडून, दोष काढून, नव्याने लिहिला. त्यावर हजारो बदल बसवले गेले. खेळायला दहा जण पुरतात, सहाही चालतात.

यादीचं महत्त्व किती असतं ते 2014 मध्ये दिसलं. गेमस्पाय नावाची कंपनी अनेक गेमना अशी यादी पुरवत असे. 31 मे 2014 ला तिने सेवा थांबवली आणि कितीतरी गेम मुके झाले. ज्यांच्यामागे निष्ठावंत खेळाडू होते त्यांच्यासाठी लोकांनी स्वतःच्या याद्या उभ्या केल्या. ज्यांच्यामागे नव्हते ते गेले.

आणि व्हॉल्व्हची स्तुती करताना पुढचंही सांगायला हवं. 2012 चा काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह हा त्या मालिकेतला सर्वांत यशस्वी गेम. सप्टेंबर 2023 मध्ये काउंटर-स्ट्राइक 2 आला तो वेगळा गेम म्हणून आला नाही. तो जुन्याच्या जागी बसला. ज्यांनी दहा वर्षं जुना गेम खेळला होता त्यांच्या स्टीमवरच्या संग्रहात एका सकाळी नवा गेम होता. म्हातारा 1.6 शाबूत राहिला आणि त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या भावाची जागा मात्र दुसऱ्याने घेतली.

वसतिगृहांतला दुसरा लाडका खेळ एज ऑफ एम्पायर्स 2. त्याची कथा मला सर्वांत आशादायक वाटते. हा 1999 चा गेम. मायक्रोसॉफ्टच्या ज्या सेवेवर तो ऑनलाइन खेळला जाई ती 2006 मध्ये बंद झाली. पण गेममध्ये लॅनची, म्हणजे इंटरनेटशिवाय जवळचे संगणक जोडून खेळण्याची, सोय होती, दोघांपासून आठ जणांपर्यंत कितीही खेळू शकत, त्यामुळे तो तग धरून राहिला. खेळाडूंनी वूबली नावाच्या दुसऱ्या सेवेवर बस्तान हलवलं. काही चाहत्यांनी मिळून फॉरगॉटन एम्पायर्स नावाची जोड आवृत्ती बनवली. तिच्यात नव्या संस्कृती होत्या, जुन्या दोषांची दुरुस्ती होती. मायक्रोसॉफ्टने या चाहत्यांवर खटला भरला नाही. 2013 मध्ये गेम पुन्हा बाजारात आणला आणि त्यांचंच काम अधिकृत विस्तार म्हणून विकलं. चाहत्यांचा गट पुढे रीतसर स्टुडिओ झाला. 2019 मध्ये गेमची नवी, डेफिनिटिव्ह आवृत्ती आली आणि एप्रिल 2022 मध्ये, म्हणजे मूळ गेमच्या तेविसाव्या वर्षी, भारताच्या राजघराण्यांवरचा विस्तार आला. त्यात बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी अशा संस्कृती आहेत आणि राजेंद्र चोळाची मोहीम खेळता येते. हॉस्टेलच्या खोलीत ज्यांनी ब्रिटन आणि मंगोल घेऊन लढाया केल्या, त्यांची मुलं आज त्याच गेममध्ये चोळांचं आरमार घेऊन समुद्रात उतरतात.

इथे कंपनीने एकच शहाणपण केलं. गेम कोण जिवंत ठेवतंय ते पाहिलं आणि त्यांच्या हाती काम दिलं.

हाच धडा केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीला जरा उशिरा मिळाला. तिचा रूनस्केप 2001 चा. 2012 मध्ये तिने लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि जुने खेळाडू सोडून जाऊ लागले. नशिबाने ऑगस्ट 2007 मधली गेमची एक संपूर्ण प्रत कंपनीकडे जपलेली होती. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीने मतदान घेतलं: ही जुनी प्रत पुन्हा सुरू करावी का? साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू झाला, आणि पुढे एक नियम ठरला की कोणताही मोठा बदल खेळाडूंच्या मताला टाकायचा आणि त्या काळी 75 टक्के कौल मिळाला तरच करायचा. काही वर्षांत या जुन्याने नव्याला खेळाडूंच्या संख्येत मागे टाकलं. खेळाडूंना बदलच नको असतो हा समज इथे खोटा ठरतो. या गेममध्ये मतदान होऊन कितीतरी नवे प्रदेश आले. त्यांना विचारलं जाणं हवं होतं. मला या कथेतला सर्वांत मोलाचा तपशील मात्र ती जपलेली प्रत हाच वाटतो. ती नसती तर मत कशावर घेतलं असतं?

असं शहाणपण नसेल तर लोक चोरवाटा शोधतात. सिटी ऑफ हीरोज हा 2004 चा अमेरिकी गेम दक्षिण कोरियाच्या एनसीसॉफ्टने 30 नोव्हेंबर 2012 ला बंद केला. खेळाडूंनी विनवण्या केल्या, अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. 2019 मध्ये उघड झालं की काही मोजके लोक वर्षानुवर्षं गुपचूप खाजगी सर्व्हर चालवत होते. मोठा गदारोळ झाला, प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला झाला आणि होमकमिंग नावाचा सर्व्हर उभा राहिला. कायद्याच्या भाषेत ही चोरी होती. पण जानेवारी 2024 मध्ये एनसीसॉफ्टने होमकमिंगला रीतसर परवाना दिला. बंद पडल्यानंतर अकरा वर्षांनी गेम कायदेशीरपणे पुन्हा सुरू झाला. खर्च खेळाडूंच्या देणग्यांवर चालतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला जे उत्पन्न नगण्य वाटतं, त्याच्या एका अंशात हौशी लोकांचा सर्व्हर मजेत चालतो. कंपनीला नफा हवा असतो, त्यांना फक्त भाडं भरायचं असतं.

मग कंपन्या गेम बंद करताना सर्व्हर लोकांना का देत नाहीत? हट्ट हे एकच कारण नसतं. मोठ्या गेमचा सर्व्हर हा एक प्रोग्राम नसतो. खाती सांभाळणारा, जोड्या लावणारा, पैसे घेणारा, फसवणूक पकडणारा असे डझनावारी प्रोग्राम एकमेकांवर अवलंबून असतात आणि त्यांतले काही दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले असतात. गाण्यांचे, गाड्यांच्या नावांचे, खेळाडूंच्या चेहऱ्यांचे परवाने मुदतीचे असतात. युबिसॉफ्टने 2014 चा द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 31 मार्च 2024 ला बंद केला तेव्हा सर्व्हरचा खर्च आणि परवाने हीच कारणं दिली. हा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागत असे, त्यामुळे पैसे देऊन घेतलेली डबी निरुपयोगी झाली. त्यातून रॉस स्कॉट या अमेरिकी माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. तिची मागणी संयमी आहे: सर्व्हर अनंतकाळ चालवा असं ती म्हणत नाही, बंद करताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडून जा एवढंच म्हणते. जुलै 2025 मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. युबिसॉफ्टने द क्रू 2 साठी ऑफलाइन सोय देण्याचं मधल्या काळात जाहीर केलं होतं. जे पहिल्या भागासाठी अशक्य सांगितलं, ते दुसऱ्यासाठी शक्य झालं. कंपनीने ठरवलं तर हे जमतं, हेच यातून दिसतं.

कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला: डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला ती मालकीची मिळत नसून केवळ परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं आहेत. पण यूसी घेऊन मिळवलेली स्किन बंदीच्या रात्री गेली, तर ती वस्तू गेली की सेवा थांबली, हे त्या व्याख्येवरून ठरत नाही. पैसे मात्र खरे गेलेले असतात, आणि बहुतेक वेळा ते शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या घरचे असतात.

आता बुद्धिबळाकडे वळू. ऑनलाइन बुद्धिबळही तरुण नाही. जानेवारी 1992 मध्ये त्याचा पहिला मोठा सर्व्हर सुरू झाला. अक्षरं टाइप करून चाली कळवायच्या. 1995 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल स्लेटर यांनी त्याची कंपनी केली आणि सभासदांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी फुकट राबून तो सर्व्हर घडवला होता ते चिडले आणि त्याच वर्षी त्यांनी विनामूल्य सर्व्हर उभा केला. 2010 मध्ये फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी लिचेस सुरू केलं. त्याचा सगळा प्रोग्राम खुला आहे. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून भागतो. उद्या लिचेस चालवणारे थकले तर नागपुरातल्या एखाद्या महाविद्यालयाचा संगणक विभाग ते सगळं उतरवून घेऊन आपल्या यंत्रावर चालू करू शकेल. खेळायला दोन माणसं पुरतात.

आणि हा सर्व्हरबदल खेळाडूच्या कमाईला धक्का लावत नाही. नागपूरचा रौनक साधवानी 2019 मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता 2021 मध्ये झाला. दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. यांचं कसब कोणत्याही कंपनीच्या खात्यात जमा नाही. ज्या संकेतस्थळावर ते सराव करतात ते बंद झालं तर दुसऱ्यावर जातील, किंवा समोरासमोर बसतील. बीजीएमआयमध्ये तितक्याच वर्षांचा घाम गाळलेल्या मुलाला हा दिलासा नाही. त्याची नजर, त्याचा नेम, चौघांच्या स्क्वॉडमधली त्याची समज ही खरी कमाई आहे, पण ती दाखवायचं एकमेव मैदान दुसऱ्याच्या मालकीचं आहे.

हे खरं की प्रत्येक गेम बुद्धिबळ होऊ शकत नाही. बुद्धिबळाचे नियम एका पानावर मावतात. पबजीच्या एका नकाशावर शेकडो माणसांनी काम केलेलं असतं आणि त्यांना पगार द्यावा लागतो. सर्व्हर पहिल्या दिवसापासून खुला ठेवा, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर बॉट आणि हॅकर यांच्या गर्दीत तो महिनाभरही टिकणार नाही. पण वय झालेल्या गेमला ही भीती कितपत उरते? रांगा लांबल्या आहेत, स्किनची विक्री आटली आहे, कंपनीचं लक्ष पुढच्या गेमकडे आहे. अशा वेळी शंभराऐवजी वीस जणांचा सामना चालवणारा एक साधा सर्व्हर लोकांना दिला तर कंपनीचं फार काही जात नाही. बीजीएमआयमध्ये आजही खोलीचा क्रमांक आणि पासवर्ड देऊन खाजगी सामना लावता येतो; गल्लीतल्या आणि कॉलेजातल्या स्पर्धा त्याच सोयीवर होतात. ती खोली कंपनीच्या यंत्रावर असते ती कॉलेजच्या यंत्रावर आणायची, एवढाच पल्ला आहे.

आणि हे मागण्याची योग्य वेळ आत्ताच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी आणली, हे सगळ्यांनी वाचलं. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आणि त्याच्या प्रोत्साहनाची जबाबदारी क्रीडा मंत्रालयाकडे दिली, याची चर्चा कमी झाली. सरकार ज्याला खेळ म्हणतं त्याची स्पर्धा भरते, प्रशिक्षक तयार होतात, आईवडील मुलाला त्यासाठी वेळ देतात. मग मान्यता देताना गेमच्या मालकाला तीन गोष्टी विचारायला हव्यात. भारतीय खेळाडूंसाठी सर्व्हर देशात राहील का? तो बंद करण्याआधी किती महिन्यांची सूचना मिळेल? आणि बंद केल्यावर लॅनवर चालणारी आवृत्ती मागे ठेवणार का? 1.6 ने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. ज्या गेमला हे जमणार नाही, त्याच्या स्पर्धा खुशाल व्हाव्यात, बक्षिसंही वाटली जावीत. पण शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडा वेळापत्रकात त्याला जागा देऊ नये.